निकानोराचा पान्हा

९ नोव्हेंबर १८१५, कार्ताहेना

आज गाढवाचं मांस मिळालं! सासूबाईंनी नाक मुरडलं आणि दोनदा वाढून घेतलं. स्पेनची जहाजं अजून बंदराबाहेर ठाण मांडून आहेत, दाणा आत येऊ देत नाहीत. माझा गास्पार मात्र गुटगुटीत — आमच्या गुलाम दाईच्या, निकानोराच्या दुधावर. पण ती मेली आपल्या पोरीला आधी छातीशी घेते! "मालक कोण गं, ती की हा?" विचारलं. म्हणाली, "तोमासा थोडंच पिते, बाईसाहेब." थोडंच! ते थोडं माझ्या लेकाचं आहे.

१४ नोव्हेंबर

दवंडी पिटली. बिनकामाची तोंडं तटाबाहेर काढा, घरटी दोन. सासूबाई जपमाळ घेऊन लगेच हजर. "मी म्हातारी, मलाच जाऊ दे बाई!" — आणि तिरक्या नजरेनं माझ्याकडे बघतात. 'जा' म्हटलं असतं तर?

माझं कधीच ठरलं होतं. एक, स्वयंपाकीण हासिन्ता — दात नाहीत तरी खाते. दुसरी, तिच्या कडेवर तोमासा. निकानोरा फार ओरडली, उंबऱ्यावर डोकं आपटलं. "कोंड तिला," सासूबाई म्हणाल्या, "दूध नासेल."

१५ नोव्हेंबर

आता सगळं दूध गास्पारचं. छान झोप लागली.

१८ नोव्हेंबर

दूध आटलं. गास्पार ओढतो, सोडतो, किंचाळतो. जपून ठेवलेलं शेवटचं चॉकलेट उकळून तिला पाजलं. मग चाबूक काढला. ती शांतपणे म्हणाली, "बाईसाहेब, पान्हा चाबकानं फुटत नाही."

त्या बोलण्याबद्दल आणखी दोन दिले.

२० नोव्हेंबर

दार लावून मीच त्याला पाजायला घेतलं. थेंब नाही. कुठून असणार? बाळंत झाले तेव्हा सासूबाईंनी छातीवर पट्टे आवळून माझं दूध जिरवलं — थोरामोठ्यांच्या घरची रीत! तापानं फणफणले होते मी. "आपल्यात बायका पाजत नाहीत. त्याला दाया असतात," म्हणाल्या होत्या. आज म्हणतात, "देवाची मर्जी." वर उंदराचं हाड चोखत बसल्या होत्या! त्यांचा गळा धरावासा वाटला.

२१ नोव्हेंबर

निकानोरा पळाली! वेशीवरच्या पहारेकऱ्याला जाब विचारला. हसला मेला. "सेन्योरा, आत येणाऱ्याला अडवतो आम्ही. जाणारीला कशाला? एक तोंड कमी!"

तटावर चढले. खाली दलदलीच्या काठी हासिन्ता खेकडे भाजत होती. शेजारी निकानोरा, शालीआड तोमासा. पोरगी पीत होती. किती वेळ पीत होती! मी बघत राहिले. आधी राग आला, मग नुसतीच भूक जाणवली, माझ्या लेकाची.

२२ नोव्हेंबर

गास्पारला रडायचंही त्राण नाही. पहारेकरी सांगतो, बाहेर पडलात की परत आत घेणार नाही. नको घेऊ. त्याला गुंडाळून निघाले आहे. निकानोरापुढे पदर पसरेन. तोमासाचं पोट भरून काही उरलं तर, एवढंच मागेन.