रिकामे रकाने आणि एक ठिपका

५ जानेवारी, सोमवार
रेघ काही येत नाही. तोरणमाळकडच्या अंगणवाड्यांतली पोरं आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला किती महिने जातात आणि त्यांची वजनवाढ किती होते, एवढं साधं रिग्रेशन. त्या संबंधाचा आलेख, म्हणजे इफेक्ट प्लॉट, काढला तर रेघेच्या जागी सुटेसुटे ठिपके, खाली अक्षरांचा गिचमिडा. सकाळपासून तेच. गाइड सर म्हणाले, चित्र नीट दिसलं नाही तर हे प्रकरण प्रबंधातून काढू. तीन वर्षं घातलीत त्यात. त्यांना काय जातंय काढू म्हणायला!

७ जाने.
सापडलं. माझंच शहाणपण. महिन्यांच्या रकान्यात रजिस्टरातलं जसंच्या तसं टाइप केलं होतं. कुठे ३, कुठे ४, आणि बऱ्याच ठिकाणी 'होळीपर्यंत'. टोळ्या दिवाळीनंतर निघतात, होळीला परततात, सेविकांनी तसंच लिहिलं. सॉफ्टवेअरला होळी काय माहीत! त्याने अख्खा रकानाच शब्द म्हणून धरला. निघाल्याची तारीख रजिस्टरात होती, त्यावरून महिने मोजून आकडे घातले. दुपार गेली.
रेघ आली, पण खाटेसारखी आडवी. आणि शून्य महिन्यांपाशी काहीच नाही. म्हणजे पोर बाहेर गेलं काय, न गेलं काय, सारखंच? पटत नाही. परत आलेली पोरं किती हडकलेली असतात ते मी डोळ्यांनी बघितलंय.

९ जाने.
पॅकेज बदललं, मॉडेल बदललं, शेवटी रंगसुद्धा बदलले. आडवीच. मग इंटरनेटवर तोडक्यामोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकला. कुण्या परक्या माणसाचं एका ओळीत उत्तर आलं, मॉडेलने किती ओळी वापरल्या ते आधी बघा.
बघितलं. निम्म्याहून जास्त पोरं गुपचूप गाळलेली! ज्यांच्या महिन्यांचा रकाना रिकामा, ती सगळी. मला आठवडाभर हे सुचलं नाही, आणि कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवते. त्या माणसाचं खरं नावही माहीत नाही. देव त्याचं भलं करो.

१० जाने., शनि.
सारंगखेड्याला, आईकडे. रिकाम्या जागी सरळ शून्य घालून मोकळं व्हावं का? ताट समोर ठेवून त्याच विचारात बसले होते. आई म्हणाली, "आधी जेवी ले. तुन्ही रेघ कोठे पळी जाई ऱ्हायनी?" जेवले. भरीत, कळण्याची भाकरी. डोकं जागेवर आलं. शून्य घातलं नाही. आधी अंगणवाडीच्या रुमाताईंना विचारायचं.

१३ जाने.
शहाद्याहून तोरणमाळची गाडी. 
रुमाताई तिथल्या अंगणवाडीच्या सेविका, माझी निम्मी रजिस्टरं त्यांच्या हातची. रकाने रिकामे का सोडले, विचारलं. माझा सूर चढलेलाच होता, आता लाज वाटते. त्या शांतपणे म्हणाल्या, "जे पोर गेलंच नाही, त्याचे महिने काय लिहू, मॅडम?"
बरोबरच की. म्हटलं, मग सगळीकडे शून्य घालते. तर त्यांनी एका पानावर हात ठेवला. "इथे नको." त्या वेळी त्या बाळंतपणाला माहेरी होत्या, बदलीवरच्या बाईने फक्त वजनं लिहिली. म्हणजे त्या पानावर रिकामं म्हणजे घरी असं नाही, तिथे कुणी विचारलंच नव्हतं. मी शून्य ठोकलं असतं तर उसाच्या फडात राहिलेली पोरं माझ्या तक्त्यात घरी बसली असती.
मग एकेक नाव. हा आजीपाशी राहिला. ही गेली, चार महिने. याचं आठवत नाही, तसंच सोडा. चार तास बसल्या, घरचं काम टाकून. वर मला मक्याची भाकर वाढली. हे उपकार कसे फेडायचे, मला खरंच कळत नाही.

२० जाने.
बाकीच्या सेविकांनाही फोनवर तसंच विचारून घेतलं. नवा प्लॉट. शून्यापासून सुरू होतो आणि उतरत जातो. जितके महिने बाहेर, तितकी वाढ कमी. उजवीकडे पोरं थोडी, म्हणून रेघेभोवतीचा अनिश्चिततेचा पट्टा रुंद. आनंदाने पेढे आणायला निघाले होते, दारातूनच परत फिरले. रेघ उतरली म्हणजे पोरंच वाळली ना. रुमाताईंना मात्र फोन करून आभार मानले. दोनदा.

२३ जाने.
सर खूश. प्रकरण राहील म्हणाले. मी रेघेभोवती प्रत्येक पोराचा ठिपकाही काढला होता. उजव्या टोकाला एक ठिपका रेघेच्या कितीतरी वर. पाच महिने बाहेर आणि वाढ सगळ्यांत चांगली. सर म्हणाले, नोंद चुकली असणार, काढून टाका. नाहीतर कारण द्या, त्याशिवाय मी सही करणार नाही.
काढायला एक ओळ पुरे. बोट कळफलकावर होतं, पण...

२७ जाने.
रुमाताईंचा फोन चौथ्या प्रयत्नात लागला, रेंजसाठी टेकडीवर आल्या होत्या. नोंद वाचून दाखवली. लगेच ओळखली त्यांनी. "चूक नाही. मीच तोललं, दोनदा तोललं." पोरीचं नाव जमना. कशी वाढली ते त्यांनाही माहीत नाही. "तिची आई आता तिकडेच आहे, ऊसतोडीला, मॅडम. होळीला येईल. तिलाच विचारा ना."
तीन वर्षांत एकाही आईला मी काही विचारलेलं नाही. सगळं रजिस्टरातूनच.
ठिपका ठेवला. सरांना कळवलं, कारण आणते, वेळ द्या. त्यांचा मेसेज, किती दिवस? लिहिलं, होळीपर्यंत.