तिन्ही वेळा साडेतेरा

४ नोव्हें., मंगळ.
भोकरच्या खरेदी केंद्रात ओलावा मोजायच्या कामाचा चौथा दिवस. सोयाबीनचा ओलावा बारापर्यंत असला तर माल घ्यायचा, वर गेला की परत. माझ्या हातून कुणाचं चुकायला नको म्हणून प्रत्येक नमुना तीनदा मोजतो. गयाबाईंचा माल : १३.५, १३.४, १३.५. परत पाठवला. त्यांनी दाणा दाताखाली धरला, कडकन् फुटला. "हे वलं हाय व्हय रं लेकरा?" मी तिन्ही आकडे दाखवले. आकडे इतके जवळ आल्यावर शंकाच उरत नाही.

७ नोव्हें., शुक्र.
गयाबाई पुन्हा. दोन दिवस उन्हात पसरलं होतं. १२.७, १२.७, १२.६. परत. म्हणालो, अजून वाळवा. सोबत त्यांचे दीर होते. म्हणाले, "आमचं घड्याळबी रोज पाऊण तासच पुढं राहतंय. एक मिनिट इकडं न्हाई का तिकडं न्हाई. म्हनून टाइम बरोबर हाय का?" रांग हसली. मीही हसलो. संध्याकाळी कपाटातून यंत्राचं पुस्तक शोधून काढलं.

८ नोव्हें., शनि.
यंत्राचं पुस्तक पहिल्यांदा पूर्ण वाचलं. प्रत्येक पिकाला वेगळा क्रमांक, तो लावून मग मोजायचं. आमच्या यंत्रावर हरभऱ्याचा. मागच्या हंगामापासून तसाच असावा. मला नुसतं बटण दाबायला शिकवलं होतं. पण क्रमांक पडद्यावर रोज दिसत होता.
गयाबाईंचा कालचा नमुना पिशवीत बांधून ठेवलेला. सोयाबीनचा क्रमांक लावून मोजला : १०.७. तिन्ही वेळा.
म्हणजे यंत्र एकसारखं सांगत होतं आणि एकसारखंच चुकत होतं. तीनदा काय, तीसदा मोजलं असतं तरी कळलं नसतं.
केंद्रप्रमुख जाधव साहेबांना सांगितलं. "आता नीट लावलंस ना? मंग गप ऱ्हा. गेलेले येतेत वाळवून."
गप राहिलो.

१० नोव्हें., सोम.
गयाबाई तिसऱ्यांदा. ८.९. पास. पण पुढे प्रत बघणाऱ्या शिंदेमामांनी मूठभर दाणे तळहातावर पसरले. फार वाळून पोतं भरताना फुटलेले, डाळच डाळ. "न्हाई घेता येत, मावशी."
त्या माझ्याकडे वळल्या. "तूच म्हनलास ना, अजून वाळव?"

११ नोव्हें., मंगळ.
परत पाठवलेले एकवीस जण. साहेबांना म्हणालो, फोन करतो. "कर. तुझ्या फोनवरून कर. केंद्राचं नाव काढू नको."
आठ जणांना लागला. दोघांनी शिव्या दिल्या. बाकीचे उद्या येतो म्हणाले.
मग गयाबाई. सांगितलं की क्रमांक मी बघितला नाही, गेल्या मंगळवारीच माल घ्यायला पाहिजे होता. शनिवारचं मात्र बोललो नाही.
 त्यांनी विचारलं, "तुला कवा कळलं रं हे?"
म्हणालो, मावशी, आवाज तुटतोय, परत लावतो.
आवाज नीट येत होता. अजून लावलेला नाही.