चादरीखालचा कॉम्प्रेसर

अगं, मागच्या खोलीत चादरीखाली आहे तो रंग फवारायचा कॉम्प्रेसर. जुनाच घेतला. तू नको म्हणाली होतीस ते लक्षात आहे, आल्यावर हवं तेवढं बोल. चादरीला तेल लागलंय.

विकणारा माझ्यासारखाच, घरी बसून कपाटं-खुर्च्या रंगवणारा. मशीन झकास, गंजाचा ठिपका नाही. मग विकताय कशाला, विचारलं. तो नुसता खोकतच राहिला. शेवटी त्याच्या बायकोने सांगितलं, डॉक्टरांनी रंगाचं काम कायमचं बंद केलंय. निघताना तिने एक मास्कही दिला. सात वर्षांपूर्वी तिनेच त्याच्यासाठी आणलेला. पाकीट अजून फोडलेलं नव्हतं.

तू मला आणलेला मास्क खिळ्यांच्या डब्यामागे आहे. तोही तसाच.

मशीन वर आणताना जिन्यात चार वेळा बसलो. जड आहे, असं शेजाऱ्यांना सांगितलं. तुला काय सांगणार.

अजून चालू केलेलं नाही. आरशामागे तू वर्षभर खोचून ठेवलेला डॉक्टरांचा कागद काढला आणि छातीचा फोटो काढायला निघालोय. माझ्यासाठी जेवायची थांबू नकोस.