पगारासाठी आलेली मुलगी

वसतिगृह,
४ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझी भाची अखेर नर्सिंगला लागली. कशी लागली ते बाबांकडून कळण्याआधी माझ्याकडून ऐक, कारण त्यांच्या सांगण्यात मी घराण्याचं नाक कापलेलं असणार.

मुलाखतीला आम्ही सगळ्या बाहेर बाकावर बसलो होतो. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. प्रश्न एकच, नर्स का व्हायचंय? पहिलीने सांगितलं, मानवजातीची सेवा करायचीय. दुसरीने सांगितलं, तिलाही मानवजातीचीच. तिसरी आपल्या आजीच्या आजारपणाबद्दल बोलता बोलता अशी रडली, की प्राचार्याबाईंनी स्वतः उठून तिला पाणी दिलं. मग माझा नंबर. एवढ्या सेवेतून मानवजात माझ्या वाट्याला उरणार ती किती? मी सरळ म्हटलं, पगारासाठी. वर हेही सांगितलं, की वडिलांचं चष्म्याचं दुकान आता कसंबसं चालतंय, मला एका जागी बसून काम होत नाही, आणि नर्सला कुठेही गेलं तरी नोकरी मिळते.

प्राचार्याबाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. फ्रेम ढिली होती. बाबांनी चुटकीसरशी घट्ट करून दिली असती, पण ते मी बोलले नाही. तेवढी अक्कल आहे मला. त्यांनी मला घेतलं, पण अट घालून. पहिली सहामाही माझ्यावर लक्ष राहणार, आणि अंगात सेवाभाव दिसला नाही तर गाठोडं उचलून घरी.

बाबांनी तेव्हापासून अबोला धरलाय. निघताना माझी ट्रंक उचलून दिली, तीही भिंतीकडे बघत. बोलले ते फक्त आईशी, आणि मला ऐकू जाईल अशा बेताने. तू, म्हणजे त्यांची ताई, लहानपणी जखमी चिमणी ओंजळीत धरून रात्र काढलीस, त्याच मायेपोटी नर्स झालीस, आणि त्याच घरातली मुलगी आता पगार पगार करते, असं सगळं. आत्या, खरं सांग, तू त्या चिमणीमुळे नर्स झालीस?

बोलणी खाऊनही तुझीच,
ठकी

---

९ जुलै

चि. ठकीस,
अ. उ. आ.

चिमणी नव्हती गं, कावळा होता.

पाण्याच्या टाकीत पडला होता मेला. मी त्याला झाडूने बाहेर ढकलत होते, तर माझ्याच बोटाला कडाडून चोच मारून उडून गेला. रात्रभर मी बसले होते ती माझं बोट धरून. रडत होता तुझा बाप, रक्त बघून. माझ्या या धाकट्या भावानेच पुढे त्या कावळ्याची चिमणी केली, आणि मीही होऊ दिली. ती गोष्ट सांगताना त्याचा चेहरा फार गोड होतो. तेव्हा हे पोटात ठेव.

नर्स का झाले म्हणशील, तर शिकताना राहायला खोली, वेळेवर जेवण आणि वर हातखर्चाला पैसे मिळायचे. घरी मला बघायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. शेवटचा जो आला, तो शर्टाची कॉलर कशी इस्त्री करावी यावर चहा गार होईपर्यंत बोलला. त्याच आठवड्यात मी अर्ज टाकला. शिवाय पांढरे बूट. आमच्या घरात दुसऱ्या कुणी आधी न घातलेले, स्वतःच्या मापाचे बूट मिळालेली मी पहिलीच मुलगी. ते मी उशाशी घेऊन झोपायची.

माया वगैरे नंतर आली का, ते मला विचारू नकोस. मला एवढंच कळतं, की पेशंटला उलटी होते तेव्हा आधी भांडं लागतं, भावना मागाहून आल्या तरी चालतं.

सेवाभाव दिसायला हवा म्हणतात ना, मग दिसू दे की. केस घट्ट बांध, नखं काप, आणि पेशंटशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघ, भिंतीवरच्या घड्याळाकडे नको. लोक त्यालाच सेवाभाव समजतात. आणि एक सांगून ठेवते. कुणी तुझं फारच कौतुक करायला लागलं, तर त्याच्या हाताकडे नीट बघ, तुझं काही काढून तर घेत नाही ना.

माझं ठीक चाललंय. घरमालकिणीशी नळावरून भांडण चालू आहे, त्यामुळे तब्येत चांगली राहते.

कान धरायला दूर असलेली,
आत्या

---

वसतिगृह,
२१ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

केस बांधलेत, नखं कापलीत, आणि मला हाडांच्या वॉर्डात टाकलंय.

मुलाखतीत रडलेली ती तिसरी मुलगी आठवते? तीच माझ्या खोलीत आहे. तिचं नाव आम्ही पाझर ठेवलंय. ही बाई पेशंट विव्हळला तरी रडते आणि बरा होऊन घरी निघाला तरी रडते. सगळ्या सिस्टर तिच्यावर खूश. माझ्याकडे मात्र प्राचार्याबाई येता जाता असं बघतात, जणू मी पेशंटच्या उशीखालून काही काढतेय.

वॉर्डात एक रिटायर्ड बस कंडक्टर आहेत, मांडीचं हाड मोडलेले. आम्ही त्यांना कंडक्टरकाका म्हणतो. आवाज असा, की सबंध वॉर्डाला वाटावं आपला स्टॉप आला. नवी मुलगी दिसली की ते आधी तिला उभी करून विचारतात, तू या कामाला का आलीस. पाझरने त्यांना काय सांगितलं ते तूच ओळख. मी म्हटलं, पगारासाठी. तर म्हणाले, उद्यापासून माझं अंग पुसायला हीच पोरगी पाहिजे. का, तर ती दुसरी पाण्याचं भांडं घेऊन जवळ येते तेव्हा अशी बघते, की त्यांना वाटतं आपण मघाशीच मेलो आणि कुणी कळवलंच नाही.

बिचारी पाझर त्यावरही रडली. मग मी तिला शिकवलं, की पेशंटला कुशीवर वळवताना दात घट्ट दाबून धरायचे, म्हणजे डोळ्यांत पाणी येत नाही. तुझ्या नावावर खपवलं. आता जमायला लागलंय तिला.

वॉर्ड आमच्या मोठ्या सिस्टर सांभाळतात. दोन जणी नोकरी सोडून गेल्या, त्यांच्या जागा भरल्याच नाहीत, म्हणून या सलग दोन दोन ड्यूट्या करतात. जादा कामाचे पैसे मागितले, तर हॉस्पिटलच्या अध्यक्षांनी निरोप पाठवला, की नर्सच्या सेवेचं मोल पैशात कसं करणार. त्याऐवजी वर्धापनदिनाला प्रत्येकीला करुणामूर्ती असं कोरलेलं पदक मिळणार आहे. तुझं ते हाताकडे बघण्याचं वाक्य मी पाझरला ऐकवलं. नवल म्हणजे ती रडली नाही.

आता मुख्य बातमी, खाली बसून वाच. बाबांचा अबोला संपला. मागच्या रविवारी ते इथे आले, प्राचार्याबाईंच्या चष्म्याची फ्रेम फुकटात घट्ट करून दिली आणि तेवढ्या वेळात त्यांना ती चिमणी ऐकवली. प्राचार्याबाई इतक्या गहिवरल्या, की वर्धापनदिनाला प्रमुख पाहुणी म्हणून तुला बोलावताहेत. तू करुणेवर बोलायचं आहेस. विद्यार्थिनींतर्फे पाझर बोलणार, आणि तिचं भाषण लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलंय.

कावळ्याला सोबत आणू नकोस म्हणजे झालं.

वाट बघणारी,
ठकी

---

१२ ऑक्टोबर

चि. ठकीस,
अ. उ. आ.

मला यायला जमणार नाही. गुडघा सुजलाय. प्राचार्याबाईंना तसं वेगळं कळवलं आहे, तुझ्या बापाला तू कळव, म्हणजे त्याचा फुगलेला चेहरा मला बघावा लागणार नाही.

घाईत लिहितेय. भिंतीपलीकडे घरमालकीण सारखी कण्हत असते, त्याने डोकं उठलंय, दोन ओळी धड सुचत नाहीत. तिचं काय ते बघून येते.

भाषणात पाझरच्या तोंडी फार दिवे आणि ज्योती घालू नकोस. कंडक्टरकाकांच्या टाचांना तेल लावतेस ना? पडून राहिलेल्या माणसाच्या आधी टाचा जातात. आणि त्या मोठ्या सिस्टरना उभ्या उभ्या का होईना, पण तुझ्या देखत चार घास खायला लाव. दोन ड्यूट्या करणारी बाई पेशंटना जेवलात का विचारते आणि स्वतः चहावर राहते. मला माहीत आहे.

पाय वर घेऊन बसलेली,
आत्या

---

वसतिगृह,
१९ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू नव्हतीस, फार मोठी मजा हुकली तुझी. झालं ते सगळं सांगते.

कार्यक्रम दुपारी होता आणि त्या दिवशी मला सुटी होती. कंडक्टरकाका सकाळपासून मागे लागले होते, की इतके दिवस छताकडे बघून झालं, आता खाली जाऊन माणसं बघायचीत. वॉर्डातून न्यायला कुणी मोकळं नव्हतं. मग मीच गेले, त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि सभागृहात पहिल्या रांगेपाशी नेऊन उभं केलं. लगेच हसू नकोस. मी काही मायेने गेले नव्हते, कार्यक्रमानंतर खायला होतं.

तुझ्या ऐवजी अध्यक्षच बोलले. नर्स म्हणजे वात्सल्य, नर्स म्हणजे चंदन, नर्स म्हणजे मेणबत्ती. आमच्या मोठ्या सिस्टर आदल्या रात्रीपासून ड्यूटीवर होत्या. पदक घ्यायला पायऱ्या चढल्या आणि वर पोचल्यावर त्यांना भोवळ आली. अध्यक्षांचाच हात धरून त्या कशाबशा सावरल्या. अध्यक्षांना वाटलं त्या भारावल्या. तसं ते माइकवरून म्हणालेसुद्धा.

त्यानंतर पाझर उठली. मी दिलेलं भाषण तिने खुर्चीवरच ठेवलं. त्यात दिवे होते, तुझं ऐकायला हवं होतं. माइकसमोर जाऊन तिने सांगितलं, की सिस्टर भारावलेल्या नाहीत, त्या कालपासून झोपलेल्या नाहीत. मला रुग्णांची दया येते म्हणून मी इथे आले, पण उद्या याच सिस्टरच्या हातून झोपेत कुणाला चुकीचं औषध गेलं, तर माझी दया त्या रुग्णाच्या काय कामाची. तेव्हा अध्यक्षांना खरंच करुणा असेल, तर त्यांनी रिकाम्या जागा भराव्यात आणि जादा कामाचे पैसे द्यावेत. एवढं बोलली आणि रडायला लागली.

आत्या, तुला वाटेल रडून खाली आली असेल. छे. माइक धरूनच रडत राहिली. अध्यक्ष म्हणाले, विचार करू. तिचा आवाज चढला. अध्यक्षांनी तिला रुमाल दिला. तिने तो घेतला, डोळे पुसले आणि पुन्हा सुरू झाली. अध्यक्ष म्हणाले, येत्या बैठकीत विषय घेऊ. त्यावर तिने असा हुंदका दिला, की कर्ण्याने शीळ घातली. मागच्या रांगेत दोन आया रडायला लागल्या. आणि मग आमचे कंडक्टरकाका बोलले, त्यांच्या बसमधल्या आवाजात. म्हणाले, साहेब, तिकीट काढा नाहीतर उतरा, मागे माणसं खोळंबलीत. सगळं सभागृह हसलं. अध्यक्षांनी घाम पुसायला खिशात हात घातला, तर रुमाल पाझरकडे. तिथल्या तिथे त्यांना जाहीर करावं लागलं, की थकलेले पैसे याच महिन्यात मिळतील आणि जागाही भरल्या जातील. पाझर थांबली आणि त्यांना वाकून नमस्कार करून खाली आली. मी तिला विचारलं, यातलं खरं रडणं किती. म्हणाली, सुरुवातीचं सगळं.

संध्याकाळी प्राचार्याबाईंनी मला बोलावलं. मी मनातल्या मनात ट्रंक भरूनच गेले. त्यांनी विचारलं, हे भाषण तू लिहून दिलंस का. मी म्हटलं, नाही, माझं दिव्यांचं होतं, ते खुर्चीवर पडलंय. मग विचारलं, सुटी असताना त्या म्हाताऱ्यांना खाली का आणलंस. मी खाण्याचं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, खाणं सुरू झालं तेव्हा तर तू त्यांना परत वर नेऊन झोपवत होतीस. यावर मी त्यांच्या चष्म्याची फ्रेम अजून घट्ट आहे का ते बघत राहिले. शेवटी त्या म्हणाल्या, मोठ्या सिस्टर सकाळीच येऊन बजावून गेल्यात, की ही पगारवाली गेली तर मीही जाईन. तेव्हा राहा.

राहिले. पुढच्या आठवड्यात सुटीला घरी जातेय.

जरा हरलेली, जरा जिंकलेली,
ठकी

---

२ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ठकी सुटीवर आली आणि नेमका मी तापाने पडलो. काळजीचं कारण नाही, उतार आहे.

ताई, तुझा गुडघा कसा आहे, असं मी विचारणार नाही. तुझ्या घरमालकिणीचा मुलगा मागच्या आठवड्यात दुकानात आला होता. त्याने मला हात जोडले. त्याच्या आईच्या पायाची जखम चिघळली होती, आणि तू सकाळ संध्याकाळ ड्रेसिंग करून तो पाय वाचवलास म्हणे. वर्धापनदिनाच्या वेळी जखम सर्वांत वाईट होती, म्हणून तू कुठे हलली नाहीस. तो पैसे देऊ लागला, तर तू म्हणालीस, पैसे नकोत, पण नळावर पाणी आधी मी भरणार. एवढ्यासाठी मला गुडघ्याची थाप मारलीस? मी दुखावलेलो नाही, पण एकदा विचारून ठेवावं म्हटलं.

तुझ्या भाचीबद्दल लिहितो. बाई झालीय आता ती. आल्या आल्या तिने खोलीतल्या खिडक्या उघडल्या, माझं पांघरूण झटकलं, चहात साखर कमी केली आणि मी कुरकुर केली तर लक्षच दिलं नाही. काडीची दया नाही तिला. तिच्या आईने मला लाडाने भरवायला घेतलं, तर म्हणाली, हात शाबूत आहेत, त्यांना स्वतः जेवू दे. पण दुपारी मला हुडहुडी भरली, तेव्हा डोळे उघडून बघतो तर ती माझे दोन्ही पाय मांडीवर घेऊन तळवे चोळत बसलेली. किती वेळ बसली होती कोण जाणे.

तेव्हा मी मुद्दामच विषय काढला. म्हटलं, तू तर पगारासाठी नर्स झालीस, इथे तुला पगार देणारं कुणी नाही, मग एवढं का करतेस? तिने मला तोंड उघडायला सांगितलं. मला वाटलं, आता औषध देईल आणि मग उत्तर देईल. मी तोंड उघडलं, तर तिने त्यात थर्मामीटर घातलं आणि म्हणाली, आता अजिबात बोलायचं नाही.

हे पत्र मी ते तोंडात धरूनच लिहितोय. ती समोर उभी आहे आणि मी मान वर केली की डोळे वटारते. लिहायला अजून तरी मनाई केलेली नाही.

माया असू द्यावी, थापांसकट चालेल.

तुझा धाकटा