सहावा रकाना

हडपसर, पुणे
मंगळवार, ता. ४ नोव्हेंबर २०२५, सकाळी ६ वाजून १० मिनिटे. दूध तापत ठेवलं आहे, ओट्यावर कागद ठेवून उभ्यानेच लिहितो आहे.

ती. बापूमामांस,
साईचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि शेजारच्या मुक्ताईच्या फोनवर सगळं खैरगाव ऐकतं, म्हणून पत्र. दिवाळीत आईला तुम्ही दिलेली पूड चालू आहे. सूर्य उगवायच्या आत, पूर्वेला तोंड करून, कोणाशी न बोलता. आत्ताही ती समोर भिंतीकडे बघत बसली आहे आणि दुधाकडे लक्ष दे असं हातानेच खुणावते आहे. गुडघे खरोखर बरे आहेत. खानावळीत परवा तिने दीडशे पोळ्या उभ्याने लाटल्या. मालक म्हणाले की गावाहून बाई बदलून आणली की काय.

पण पित्ताशयात खडे निघाले आहेत. सरकारी योजनेतून तीन महिने थांबल्यावर २० नोव्हेंबर ही ऑपरेशनची तारीख मिळाली. पूर्ण भूल देणार आहेत. पूड तोवर थांबवायची का, एवढं कळवा.

माझं काम ठीक. गुडघेदुखी, साखर आणि थायरॉईड कोणत्या वस्तीत किती, याची आमची संस्था घरोघर जाऊन मोजणी करते. बारावी सुटली तरी माझे फॉर्म स्वच्छ असतात म्हणून सुनीती मॅडमनी मला ठेवलं. फॉर्मात सहावा रकाना आहे, झाडपाल्याचं औषध घेता का. माझ्या वाट्याची २१८ घरं परवा पुरी झाली आणि सगळीकडे उत्तर ‘नाही’. मॅडम म्हणाल्या की अख्ख्या हडपसरात कोणी काढासुद्धा पीत नाही हे वाचून त्यांना फार बरं वाटलं, आता आयुर्वेदाच्या दुकानदारांची तेवढी विचारपूस करून या. मी हसलो नाही. कारण घर क्रमांक १३७ आमचं आहे आणि तिथेही मी ‘नाही’च लिहिलं आहे. आई म्हणाली की ती पूड आहे, औषध कुठे आहे.

तुमचा लोभ आम्हा दोघांना पुरून उरतो, तो तसाच राहावा.
आपला,
साई


खैरगाव
ता. १० नोव्हेंबर

चि. साईस, बापूमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझं अक्षर बघून पोस्टमनने विचारलं की पोरगा तलाठी झाला का. मी म्हटलं, त्याहून मोठा झाला, लोकांचे गुडघे मोजतो.

द्वारकेला सांग, पूड थांबवायची नाही. सव्वा महिना म्हणजे सव्वा महिना. २७ तारखेला पुरा होतो. मध्ये खंड पडला तर पहिल्यापासून धरावं लागतं, आणि ती मुळी आता पावसाळ्यापर्यंत मिळायची नाही. जंगलात चौतीस वर्षं गार्ड म्हणून फिरलो तेव्हा एवढंच एक पदरात पडलं. ज्या म्हाताऱ्याने दाखवलं त्याने दोन अटी घातल्या. पैसा घ्यायचा नाही आणि नाव तोंडातून काढायचं नाही. नाव बोललं की गुण जातो, माझ्या एकट्याच्या हातचा नाही, आजवर ज्याला ज्याला दिलं त्या सगळ्यांचा. चाळीस माणसं आहेत, साई. त्यातली काही माझ्या दारावरून चालत जातात, ती पूर्वी उचलून आणावी लागत.

डॉक्टरांना सांगायला जाऊ नको. ते नाव विचारतील. तू सांगू शकणार नाहीस आणि मी सांगणार नाही.

बहिणीची काळजी मलाही आहे. तेरा वर्षांची असताना तिला तापात खांद्यावर टाकून मी नदी उतरलो होतो, तेव्हापासून ती माझ्यावर ओरडायचं सोडत नाही. ऑपरेशन झाल्यावर तिच्या हातची दोन ओळींची शिवी धाड म्हणजे मला झोप लागेल.

तुझा,
बापूमामा


पुणे
शुक्रवार, ता. २१ नोव्हेंबर २०२५, दुपारी ३ वाजून ४० मिनिटे. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर.

ती. मामांस सा. न.

मुक्ताईने तुमच्या कानाशी ओरडून काय सांगितलं ते मला माहीत नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

काल सकाळी भुलीचे डॉक्टर अनिरुद्ध सर आले. भले गृहस्थ आहेत. आईला म्हणाले की मावशी, पोळ्या आम्हालाही पाठवा. मग एकेक प्रश्न. दमा आहे का, दात हलतो का, पूर्वी भूल घेतली होती का. शेवटी विचारलं की काढा, मात्रा, झाडपाला, गावाकडचं काही चालू आहे का. फॉर्म त्यांनी माझ्याकडेच दिला होता, माझं अक्षर बघून. मी आईकडे पाहिलं. तिने माझं मनगट धरलं. मामा, मी हा प्रश्न २१८ घरांत विचारला आहे. समोरचा माणूस क्षणभर घरातल्या दुसऱ्या माणसाकडे बघतो आणि मग ‘नाही’ म्हणतो, हे मी २१८ वेळा पाहिलं आहे. मी ‘नाही’ लिहिलं. खाली सही केली. त्या दिवशीची पूड तिने पहाटे पाचला घेतली होती, नुसत्या ओल्या बोटावर, पाणी बंद होतं म्हणून.

ऑपरेशन पाऊण तासात नीट झालं. बाहेर आणल्यावर तिने डोळे उघडून माझं नाव घेतलं. नंतर पुन्हा झोपली, आणि त्या झोपेत तिचा श्वास मंद होत गेला. लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. आता यंत्र श्वास देतं आहे. सर म्हणाले की भुलीचं औषध एवढा वेळ राहायला नको, दुसरं काहीतरी त्याच्यासोबत काम करतं आहे. तेव्हा मी पूड सांगितली. ते रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात नाव विचारलं.

डबी त्यांना दिली. चिमूटभर सुनीती मॅडमनी वनस्पतीवाल्यांकडे नेली. ते म्हणतात की वस्त्रगाळ पुडीवरून झाड ओळखता येत नाही, तपासणीला तीन आठवडे लागतील. मुक्ताई म्हणाली की तुम्ही फोनपर्यंत आलात, मान हलवलीत आणि घरी गेलात.

मामा, चाळीस माणसांचं मला कळतं. पण ही एक तुमची बहीण आहे.

लोभ मागायची ही वेळ नाही. फक्त नाव द्या.
साई


खैरगाव
ता. २२ नोव्हेंबर

चि. साईस आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आधीच हे लिहितो आहे. मुक्ताईने काय ते सांगितलं. तिच्या अंगणात सात माणसं उभी होती. त्यांच्यासमोर मला ते उच्चारता आलं नाही. घरी आलो आणि रात्रभर विचार केला. म्हातारा म्हणाला होता, तोंडातून काढायचं नाही. लिहायचं नाही असं तो म्हणाला नव्हता. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून त्याच्या डोक्यात आलं नसेल. मी त्याच्या या अडाणीपणाचा फायदा घेतो आहे. देव मला बघून घेईल.

आत वेगळी घडी आहे. तीत नाव, आणि पुडीत किती घातलं ते प्रमाण. डॉक्टरांना दाखव. मोठ्याने वाचू नको. मुक्ताईचा नातू म्हणाला की आजोबा, फोटो काढून एका मिनिटात धाडतो. पण मग तो वाचेल, आणि तो काही पोटात ठेवणारा नाही. म्हणून सिंदेवाहीच्या पोस्टात जाऊन स्वतःच्या हाताने स्पीड पोस्ट करतो आहे. बाई म्हणाली, चार दिवस. मी म्हटलं, तीन करा.

द्वारकेच्या कानात सांग, की मी हट्ट सोडला.
बापूमामा


हडपसर, पुणे
रविवार, ता. २१ डिसेंबर २०२५, सकाळी ५ वाजून ५० मिनिटे. पूर्वेकडच्या भिंतीला टेकून बसलो आहे.

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुम्ही तेराव्याला आलात, सगळ्यांदेखत माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत आणि पहिल्या गाडीने गेलात. मीही बोललो नाही. म्हणून आता लिहितो.

आई मंगळवारी, २५ तारखेला पहाटे गेली. तुमचं पाकीट गुरुवारी, २७ तारखेला आलं. त्याच दिवशी तिचा सव्वा महिना पुरा होत होता.

घडी मी उघडली नाही. तशीच अनिरुद्ध सरांकडे नेली. त्यांनी मनातल्या मनात वाचली आणि पुन्हा घडी घातली. मी विचारलं की आधी नाव कळलं असतं तर काय केलं असतं. ते म्हणाले की नावाने फारसा फरक पडला नसता. या मुळीवर उतारा नाही, आणि झालं ते तिनेच झालं असंही ते छातीठोक सांगू शकत नाहीत. पण त्या फॉर्मवर ‘होय’ एवढं लिहिलं असतं, नाव माहीत नाही, गावाकडचं काहीतरी घेते, एवढंच, तर त्यांनी पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली असती. पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं नसतं. खडे कुठे पळून जाणार नव्हते.

मामा, तुम्हाला सात दिवस हवे होते. त्यांनी पंधरा दिले असते. नाव कोणालाच नको होतं.

मी हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. तुम्ही चारशे मैलांवर होतात. पेन माझ्या हातात होतं.

चौदा दिवसांनी कामावर गेलो तेव्हा मॅडमना घर क्रमांक १३७ बद्दल सांगितलं. वाटलं होतं काढून टाकतील. त्या म्हणाल्या की काढून टाकणं सोपं आहे, पण मग बाकीच्या २१७ घरांचं खोटं कोण निस्तरणार. तेव्हा मी पुन्हा सगळीकडे गेलो. या वेळी तोंडाने विचारलं नाही. चिठ्ठी आणि पेन्सिल दिली. सांगितलं की औषधाचं नाव नको, कोणी दिलं ते नको, बोलूही नका, फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’, आणि ऑपरेशन ठरलं असेल तर तारीख आणि दवाखाना, एवढं लिहून घडी घाला, मी तोवर पाठ करून उभा राहतो. एका आजींनी माझ्या पाठीमागून विचारलं की बाळ, तुझ्या घरी कोणी गेलं का. मी मानेनेच हो म्हटलं.

तुमची घडी सरांनी मला परत दिली. ती आईच्या डबीत ठेवली आहे, अजून वाचलेली नाही. ज्या चाळीस जणांना तुम्ही देता त्यांना एवढंच सांगा की ऑपरेशनला जाताना ‘होय’ म्हणा आणि गप्प राहा. गुण जाणार नाही. लिहून सांगा हवं तर.

तुमच्याखेरीज आता मला पत्र लिहायला कोणी नाही, एवढं लक्षात असू द्या.
आपला,
साई

ता. क. हिशेब तुम्हालाही माहीत असावा म्हणून लिहितो.
पहिल्या फेरीतील घरं २१८. पैकी ‘होय’: एकही नाही.
दुसऱ्या फेरीत दार उघडलेली घरं २०३. पैकी ‘होय’: ११६.
त्यांपैकी येत्या तीन महिन्यांत ऑपरेशन ठरलेली माणसं: ९. नऊही जणांच्या डॉक्टरांना मॅडमनी कळवलं.
घर क्रमांक १३७. माणसं पूर्वी दोन, आता एक. सहावा रकाना: होय.