काच वाळेपर्यंत

रविवार, ८ ऑक्टोबर

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही सगळे मजेत. दाजींचा खोकला उतरला का? ठमीचे पुढचे दात पडलेत, त्यामुळे बाईसाहेब सध्या हसतातसुद्धा तोंडावर हात ठेवून.

तुझं पत्र पोचलं. "माळ्यावरची खोली झाली की आईला नेतो म्हणालास, मग घोडं अडलंय कुठे?" असं विचारलंस. घोडं अडलेलं नाही, ताई, फक्त चालत नाही. माळ्यावरची अडगळ सगळी खाली आणली आहे. जुन्या पेट्या आणि ठमीचा मोडका पाळणा यांना वळसा घालून आम्ही जेवायला बसतो. परवा मिस्त्री येऊन गेला. शिडीने वर चढला, वाकून सगळीकडे फिरला, तुळया ठोकून पाहिल्या. लाकूड भक्कम आहे म्हणाला. मधोमध मला सरळ उभं राहता येतं, कडेला मात्र ठमीच उभी राहू शकेल. म्हणजे बेत ठरला तोच: ठमी वर, तिची खोली आईला.

मग मी त्याच्यापुढे माझं वेळापत्रक ठेवलं. माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे. आधी तुळयांना आधार, मग फळ्यांची जमीन, छपराला खिडकी, भिंतींना गिलावा, रंग आणि सगळ्यात शेवटी जिना. प्रत्येक कामापुढे 'वाळण्यासाठी' म्हणून जागा सोडली होती. मिस्त्री बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेला आणि खिडकीपाशी थांबला.

"साहेब, गिलावा वाळतो, रंग वाळतो. काचेला काय वाळवायचं?"

ही स्वयंपाकघरात इतकी हसली की हातातलं भांडं सुटलं. मीही हसलो. मिस्त्री म्हणाला, जिना आधी करू, सामान न्यायला बरं पडेल, थंडी संपायच्या आत मुलगी वर झोपेल. मी म्हणालो, जिना शेवटीच. "विचार करून कळवा," म्हणून बिचारा निघून गेला.

तो गेल्यावर ही म्हणाली, "अहो, हे वेळापत्रक माळा बांधायचं नाही, लांबवायचं आहे. आईंना आणायला मी तयार, ठमी तयार. तुमचंच काय अडलंय?"

तेच तुला सांगतो.

मागच्या खेपेला मी तुझ्याकडे आलो होतो आणि तू पाठ दाखवायला दवाखान्यात गेली होतीस. मी आईच्या कपाटाचं निसटलेलं दार बसवत होतो. ती पलंगावर बसून बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "मिस्त्री, स्क्रू नीट आवळा हं. माझा मुलगा येणार आहे. तो भारी चिकित्सक, खोट काढल्याशिवाय राहायचा नाही." मी म्हटलं, "बरं, आई." तर हसून म्हणाली, "मला सगळेच आई म्हणतात." आणि चक्क माझ्यासाठी चहा ठेवायला उठली. मी तिला धरून परत बसवलं. मग ती दाराकडे डोळे लावून बसली. मी समोरच होतो.

तू परत आलीस तेव्हा मी एवढंच सांगितलं, की दार बसलं. तुला ती अजून नावाने हाक मारते, त्यामुळे हे तुझ्या लक्षातही आलं नसेल. ताई, मला भीती वाटते गं. माझ्याच घरात ती रोज माझी वाट बघणार आणि मी तिला दिसणार नाही. तिकडे तुझी पाठ कामातून गेली आणि इकडे मी काच वाळत घालून बसलो.

हेच मी हिलाही सांगितलं. हिने सगळं ऐकून घेतलं. चिडली नाही. म्हणाली, "मग माळा व्हायच्या आधीच आणा. घरात काम चालू असताना मिस्त्री दिसला, तर त्यांना काही वावगं वाटायचं नाही."

मी वेळापत्रकावर काट मारली. वर ठोकाठोक चालेल, मी हातोडी घेऊन जा-ये करीन, आई मला स्क्रू आवळायला सांगेल, माझ्याच तक्रारी माझ्यापाशी करील. करू दे. निदान बोलेल तरी माझ्याशी. आणि या खेपेला चहा केला तर तो मी पिईन.

तेव्हा नवं वेळापत्रक असं: येत्या रविवारी गाडी घेऊन येतो. खोली होईपर्यंत ठमी आमच्यात झोपेल. मिस्त्रीला निरोप धाडलाय, जिना आधी. आईची औषधं आणि तिचा निळा स्वेटर बांधून ठेव, आणि तू जड काही उचलू नकोस.

न्यायला कोण येतंय असं तिने विचारलं, तर सांग, मुलाने मिस्त्रीला पाठवलंय. ती येईल. मिस्त्रीवर तिचा विश्वास आहे.

दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ,
आईचा मिस्त्री