अँटेनाभोवतीचा सडा

प्रिय इंद्रजित,

सास्तूरच्या शिवारात बसून लिहिते आहे. बसून म्हणजे दर दोन ओळींनंतर उठून. चहा गार झाला, दुसरा केला, तोही गार झाला. तू असतास तर म्हणाला असतास, आधी एका जागी टेक.

इथं मोबाइल धड लागत नाही, लहरींचा गोंगाट कमी, म्हणूनच आमच्या टीमनं अँटेना इथं उभा केला. पहिले तारे उजळले तेव्हाच्या हायड्रोजनची खूण तो पकडतो. आलेखात एक खळगा दिसतो. तुझ्या मॉडेलचं म्हणणं, कृष्णद्रव्यानं त्या हायड्रोजनची ऊब ओढून घेतली, म्हणून खळगा नेहमीच्या गणितापेक्षा खोल हवा. आणि तो तसाच खोल निघाला. तुला कळवलं तेव्हा तुटक लागणाऱ्या फोनवर तू नुसता हसत होतास. मी इथं धुरपदाबाईंच्या म्हशीसमोर नाचले.

धुरपदाबाई या शेताच्या मालकीणबाई. मला लेकीसारखं जपतात, लेकीसारखंच झापतात. मी उशिरा उठणारी, त्यामुळे मला इतके दिवस पत्ताच नव्हता, की अंगणात सडा घालून झाला की त्या उरलेली बादली घेऊन अँटेनापाशी येतात आणि खाली अंथरलेल्या तारेच्या जाळीच्या कडेनं रोज शेणसडा घालतात. ओल्या जमिनीवरून लहरी वेगळ्या परततात, त्यातून खोटा खळगा उमटू शकतो. एकदा पहाटेच जाग आली, तेव्हा हे पाहिलं. विचारलं, तर शांतपणे म्हणाल्या, "जगाची पयली पहाट ऐकायचं यंत्र हाय म्हनलीस न्हवं? मग पहाटंला सडा नको व्हय?"

सडा थांबवला, जमीन वाळू दिली. खळगा उथळ होत गेला, नेहमीच्या गणिताइतकाच उरला. मुद्दाम पुन्हा ओली केली, तर परत खोल. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

पुढच्या आठवड्यात परिषदेत तू हाच आलेख दाखवणार आहेस. दाखवू नकोस. टीमला मी कळवणारच आहे, पण तुला आधी माझ्याकडून कळावं. फोनवर तुझा आवाज ऐकून मला हे बोलवलं नसतं, म्हणून पत्र. चिडशील, तर चीड. खळगा खराच खोल निघावा असं मलाही फार वाटत होतं, आणि त्यात विज्ञानाचं प्रेम कमीच होतं. मॉडेल खरं ठरलं की धाराशिवला येऊन बाबांशी आपल्या लग्नाचं बोलतो, असं तू म्हणाला होतास. ते खरं ठरलं नाही, इंद्रजित. तरी ये.

तुझीच, अजूनही,
शिवांजली